डूमस्क्रोलिंगचा जन्मदाखला

मला नोकरीवर ठेवताना बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"कीबोर्ड म्हणजे काय?"

मी म्हणाले, "ज्याच्यावर टाइप करतात ते."

"ते त्याचं काम झालं. नाव काय सांगतं?" मग त्याच म्हणाल्या, "की म्हणजे किल्ली. बोर्ड म्हणजे फळी. किल्ल्यांची फळी. येतं का तुला किल्ल्यांच्या फळीवर काम?"

"येतं."

"मग बस. अन् कुठं कुलूप दिसलं तर मला सांग."

मी बसले, ती पुढची सहा वर्षं बसले.

औरंगपुऱ्यात स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर बाईंची खोली होती. खाली दिवसभर पातेली आपटायची आणि वर आम्ही कागद आपटायचो. दारावर पाटी: 'भाषांतर. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी.' आणि खाली तेवढ्याच अक्षरांत, 'घाई असल्यास येऊ नये.' भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कोशांची फळी. बाई तेव्हा साठीच्या असाव्यात. मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. कधीकधी दोन पेन्सिली असायच्या आणि तिसरी त्या टेबलाखाली शोधत असायच्या.

त्या मूळच्या खुलताबादच्या. वडील शिंपी. दुकानाच्या अलीकडे पलीकडे सगळी उर्दू बोलणारी घरं, त्यामुळं उर्दू त्यांना शिकावी लागलीच नाही, ती अंगणातच होती. इंग्रजी मात्र त्यांनी कोश वाचून मिळवली, तीही 'ए'पासून क्रमानं. त्यामुळं सुरुवातीची दोन वर्षं आपल्याला 'एम'च्या पुढचं काही बोलता येत नव्हतं, असं त्या सांगायच्या. हे खरं की थाप, ते मला अजून कळलेलं नाही.

जन्मदाखले, खरेदीखतं, निकाहनामे, शाळेचे दाखले, दावे, सगळं त्यांच्याकडं यायचं. जुन्या कागदावर औरंगाबाद, नव्या फॉर्मवर छत्रपती संभाजीनगर. बाई दोन्ही जसंच्या तसं उतरवायच्या आणि म्हणायच्या, "कागदात जे आहे ते लिहायचं. भाषांतरकारानं खिडकीच्या काचेसारखं असावं. काच बोलायला लागली तर घरातल्यांनी काय करावं?"

पण ही काच एका बाबतीत फार बडबडी होती. नवा शब्द आला, की त्याचा जन्मदाखला पाहिल्याशिवाय त्या तो कागदात घेत नसत. त्यासाठी एक लांबोडी वही होती. शब्दाचं नाव, आई, बाप, मूळ गाव, असे रकाने. 'ब्लॉग' या शब्दापुढं लिहिलं होतं: आई वेब, म्हणजे विणलेलं जाळं. बाप लॉग, म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजवाले वेग मोजायला पाण्यात टाकत, त्यावरून नोंदवही. शेरा: 'आईचं नुसतं शेवटचं अक्षर लेकराला लागलंय. बाप सगळाच्या सगळा उचललाय. जगाची रीतच आहे.'

एक पोरगा स्वतःची माहिती मराठीत करून घ्यायला आला. त्यात लिहिलं होतं, की तो पॉडकास्टर आहे. बाईंनी त्याला समोर बसवून घेतलं.

"पॉड म्हणजे शेंग. कास्ट म्हणजे फेकणं. हा कास्ट आला ब्रॉडकास्टमधून, अन् तो शब्द रेडिओवाल्यांचा नाय, शेतकऱ्यांचा आहे. मूठ भरून बी रानात फोकायचं, त्याला इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हणायचे. तुमच्या घरी शेती आहे का?"

"आहे ना, गंगापूरकडं."

"मग वडिलांना सांगा, मी पण फोकतोच."

पोरगा हसला, पण पुढच्या वेळी वडिलांना घेऊन आला. म्हातारे म्हणाले, "ह्यो काय करतो ते चार वर्सांत पहिल्यांदा कळलं, बाई."

रिक्षात बसतानाही ही सवय सुटायची नाही. एकदा पैठण गेटाजवळ एका रिक्षावाल्याला त्या सांगायला लागल्या, की रिक्षा हा जपानी शब्द आहे, मूळ जिनरिकिशा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी. "म्हणजे तुमच्या शब्दातून माणूसच गळालाय, भाई. ताकद अन् गाडी राहिली."

रिक्षावाला मागं सिग्नलला तुंबलेली गाड्यांची रांग बघत म्हणाला, "खाला, मानूस इधरीच है. आप बैठते क्या नै?"

बाई बसल्या. पण उतरेपर्यंत खूश होत्या. "बघ, कसं बोलला. इधरीच है."

आता बाई खुलताबादला भाचीजवळ असतात आणि औरंगपुऱ्याची खोली मी चालवते. लोक विचारतात, बाई कशा होत्या? तेव्हा मी त्यांना त्या वकिलाच्या दाव्याची गोष्ट सांगते.

वकील तरुण होते. कोट इतका नवा, की बसताना त्याला सांभाळूनच बसायचे. घटस्फोटाचा अर्ज त्यांनी इंग्रजीत लिहिलेला. बायकोला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तिनं मराठी प्रत मागितली, म्हणून ते आमच्याकडं आले. नवऱ्याच्या सतरा तक्रारी होत्या. सोळा नेहमीच्याच, भाजीत मीठ आणि माहेरी फोन. चौदाव्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं, की प्रतिवादी पत्नीला डूमस्क्रोलिंगचं व्यसन आहे आणि त्यामुळं अर्जदाराचा मानसिक छळ होतो.

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून शब्दाखाली रेघ मारली.

"हे काय?"

"मॅडम, ते... मोबाइलवर वाईट बातम्या बघत बसणं. एक झाली की दुसरी. साधं 'मोबाइल पाहणे' लिहून टाका."

"मोबाइल पाहणे लिहायचं होतं, तर तुम्ही इंग्रजीत तसंच लिहायला पाहिजे होतं. तुम्ही डूम लिहिलंय. डूम म्हणजे घरी खेळायची गोष्ट नाय."

"परवा तारीख आहे, मॅडम."

बाईंनी दाराकडं बोट केलं. तिथं पाटी होती.

वकील पुढची तारीख घेऊन आले आणि बाई शब्दाच्या मागं लागल्या. डूम सापडला. स्क्रोल सापडला. दोघांचं लग्न कसं झालं, तेही कळलं. पण बाईंचं समाधान होईना. म्हणाल्या, "आईबाप कळले, पण लेकराचा स्वभाव कळला नाय. खाऊन बघितल्याशिवाय चव कशी लिहायची?"

तोवर बाई बटणांचा फोन वापरायच्या. भाचीचा जुना मोठ्या काचेचा फोन त्यांनी मागवून घेतला. सोमवारी भाकरी-ठेचा खाऊन झाला आणि त्या म्हणाल्या, "अर्धा तास करून बघते. नोंदीपुरतं."

चार वाजता मी चहा पुढं ठेवला. तो पाच वाजता मीच प्याले.

मंगळवारी बाई आल्या त्याच फोन हातात धरून. जिना चढताना एक पायरी चुकल्या. दिवसभरात मला कळलं, की दुधात युरिया असतो, चहापत्तीत चामड्याचा भुगा असतो, कुठल्याशा सोसायटीच्या लिफ्टमध्ये बिबट्या शिरलाय आणि प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी म्हणजे तर विचारूच नकोस. ज्या बाईंनी आयुष्यात पुराव्याशिवाय स्वल्पविराम दिला नव्हता, त्यांनी उठून चहापत्तीचा डबा खिडकीतून उपडा केला. खालून भांडीवाल्यानं वर बघून विचारलं, "बाई, सगळं ठीक ना?"

"पुढचे अठ्ठेचाळीस तास जपून राहा," बाईंनी त्याला वरून सांगितलं.

बुधवारी मी त्यांना म्हणाले, "बाई, दाव्याचा कागद कुठाय?" तो त्यांनी घडी घालून फोनला टेकू म्हणून लावला होता. मी फोन उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या हातावर पेन्सिल मारली. नंतर त्यांनाच लाज वाटली. पण फोन काही ठेवला नाही. "अगं, हे एवढंच. हे संपलं की झालं."

"बाई, ते संपत नसतं."

"न संपणारा कागद कसा असेल? स्क्रोल म्हणजे गुंडाळी, अन् गुंडाळी कितीही मोठी असली, तरी शेवटी आतली काठी लागतेच." आणि परत अंगठा वर.

दुपारी तीनच्या सुमारास मात्र तो अंगठा थांबला. बाईंनी फोन माझ्यापुढं केला. व्हिडिओ काही महिन्यांपूर्वीचा होता. एक माणूस हातात माइक धरून गंगापूरकडच्या एका तलावाच्या बांधावर उभा होता. खाली लाल अक्षरांत, 'धक्कादायक! तलावाला भगदाड? हजारोंचा जीव टांगणीला!' माणूस तीन मिनिटं ओरडत होता. मागं पाण्यात एक म्हैस शांतपणे डुंबत होती. तिच्याखेरीज कुणाचाही जीव तिथं नव्हता आणि तिचाही टांगणीला लागलेला दिसत नव्हता.

"नाव वाच," बाई म्हणाल्या.

मी वाचलं. दाव्याचा पहिला परिच्छेद मीच टाइप केला होता. अर्जदाराचं नाव तेच होतं. धंदा: मीडिया व्यावसायिक.

बाईंनी फोन टेबलावर पालथा घातला. खिडकीशी गेल्या, तोंड धुतलं, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घे लिहून. परिच्छेद चौदा."

त्यांनी सांगितलेलं वाक्य असं होतं: 'प्रतिवादी ही दिवसरात्र विधिलिखित वाचीत बसते, त्यामुळे अर्जदाराचा मानसिक छळ होतो.'

मी थांबले. "बाई, विधिलिखित?"

"तळटीप घे."

ती तळटीप परिच्छेदापेक्षा मोठी झाली. डूम म्हणजे मुळात विनाश नव्हे. जुन्या इंग्रजीत डूम म्हणजे कायदा, निवाडा. डूम्सडे म्हणजे निवाड्याचा दिवस, ज्याला आपल्याकडं कयामत म्हणतात. निवाडा बहुतेक वेळा विरुद्धच लागतो, म्हणून पुढं त्या शब्दाचा अर्थ वाईट नशीब, सर्वनाश असा झाला. या शब्दाचं मूळ आणि संस्कृतातला 'धा' धातू एकाच घरातले. त्याच 'धा'पासून विधान आणि विधी. विधी म्हणजे कायदा आणि विधी म्हणजे नशीबही, म्हणजे इंग्रजांना जे सुचलं ते आपल्याला अगोदरच सुचलेलं. स्क्रोल म्हणजे मुळात चिंधी, तुकडा. मग कातड्याच्या तुकड्यांची लिहिलेली गुंडाळी. मग फोनवर अंगठ्यानं ती गुंडाळी सोडवत जाणं. सबब, विधी अधिक लिखित. सही, शिक्का.

"वकील चिडतील," मी म्हणाले.

"चिडू दे. एक अक्षर माझं नाय त्यात."

वकील चिडलेच, पण अर्ज दाखल झाला आणि नवराबायकोला समुपदेशनाला बोलावलं. तिथल्या समुपदेशक मॅडमना तळटीप कळेना, म्हणून त्यांनी बाईंनाही बोलावलं. कोश धरायला मी सोबत गेले.

लहानशी खोली. एका बाजूला वकिलांशेजारी नवरा, बांधावर ओरडणारा तोच माणूस, पण माइक नसल्यामुळं हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. दुसऱ्या बाजूला बायको. पंचविशीची असेल. पदर घट्ट लपेटून बसलेली आणि कुणाकडंच न बघणारी. मॅडमनी सांगितलं, की ती दोन बैठका अशीच बसून गेलीय, एक शब्द बोललेली नाही.

मॅडम मराठी प्रत वाचायला लागल्या. मीठ झालं, माहेरचा फोन झाला. मग चौदावा परिच्छेद आला. "प्रतिवादी ही दिवसरात्र विधिलिखित वाचीत बसते..."

बायकोनं मान वर केली. "काय वाचते मी?"

"विधिलिखित," मॅडम म्हणाल्या आणि तळटिपेकडं बघून जरा गोंधळल्या.

आधी तिच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदर खाली केला आणि नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "व्हय मॅडम, वाचते मी विधिलिखित. पर लिव्हणारे तर हेच हायेत!"

वकील म्हणाले, "हे असंबद्ध आहे."

"असू द्या ना," ती म्हणाली. आता तिचं तोंड उघडलं ते मिटेना. "मॅडम, ह्यांनी तलाव फुटला म्हणून इडिओ टाकला. त्या तलावाखाली माझं माहेर हाय. मी सकाळपासून फोन लावून लावून मेले, उचलंना कुणी. उचलंल कसं? माझी आई शेरडं घेऊन शेजाऱ्याच्या माडीवर जाऊन बसली व्हती, दोन दिवस. साखरेची पेशंट हाय ती. अन् हे घरी येऊन मला म्हणतेत, आज लई लोकांनी बघितलं."

नवरा म्हणाला, "मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं..."

"माझ्या आईला वाचता येत नाय. प्रश्नचिन्ह तिला कुठून दिसंल?" मग ती मॅडमकडं वळली. "तवापासून मी समदं बघत बसते. कंची बातमी खरी अन् कंची ह्यांची, तेवढंच बघते. दुसरं काय येसन नाय मला."

मी बाईंकडं पाहिलं. त्या कोशाचं पान चाळत होत्या, पण कोश उलटा धरला होता.

नवरा खुर्ची तिच्याकडं वळवून बसला. मग त्यानं विचारलं, "दोन दिवस माडीवर? मला का नाही सांगितलंस?"

"तुमी फोनात व्हता," ती म्हणाली.

पुढं दोन तारखा झाल्या आणि त्यानं अर्ज मागं घेतला. तलावाचा तो व्हिडिओ काढून टाकला आणि त्याच बांधावर उभं राहून दुसरा टाकला, 'तलाव सुरक्षित आहे.' तो चाळीस जणांनी बघितला. त्यातले तीस सासरवाडीचे होते. आता तो लग्नाचं शूटिंग करतो. दोघं एकत्रच राहतात. मध्यंतरी भाडेकराराच्या भाषांतराला आले होते, तेव्हा माझ्यासमोरच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. पण ते समोरासमोर झालं आणि शेवटी पिशवी त्यानं उचलली.

समुपदेशनाच्या त्या दिवशी जिना उतरताना मी बाईंना विचारलं होतं, "तुम्ही मुद्दाम लिहिलंत ना? तो व्हिडिओ बघून?"

"मी शब्दाचे आईबाप बघून लिहिलं."

"पण दुसरेही शब्द चालले असते."

"चालले असते," बाई म्हणाल्या आणि घड्याळाला चावी देत राहिल्या. गालात हसू कोंबलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

ते हसू आम्हाला महाग पडायची वेळ आली. वकिलांनी तक्रार केली, की भाषांतरकारानं आपल्या मनचं घुसडून अर्जदाराचं नुकसान केलं. आता सरकारी मान्यतेच्या यादीतून बाईंचं नाव गेलं असतं, तर खोलीच बंद करावी लागली असती. बाहेरून बाई बेफिकीर दिसत होत्या, पण त्या आठवड्यात त्यांनी भाकरी दोनदा अर्धी टाकली आणि एका खरेदीखतात चक्क स्वल्पविराम विसरल्या.

यादीचं काम बघणाऱ्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. उंच, गंभीर माणूस. मागं कपाटात फायलींच्या चळती. त्यांनी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही म्हणायचंय?"

बाईंना जे म्हणायचं होतं, त्याला पाऊण तास लागला. 'धा' धातूपासून सुरुवात झाली. चिंधीपाशी आल्या, तोवर साहेबांनी चष्मा काढून ठेवला होता. निवाड्याच्या दिवसापाशी आल्या, तेव्हा शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "साहेब, चूक दाखवा, मी आत्ता नाव काढून घेते."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चूक सापडली नाही. त्यांनी शेरा लिहिला, की भाषांतर शब्दाला धरून आहे, मात्र यापुढं तळटीप चार ओळींपेक्षा मोठी नसावी. बाईंनी शेरा वाचला, 'मात्र'नंतर स्वल्पविराम हवा म्हणून सांगितला आणि उठल्या. मी कोश पिशवीत भरले. आम्ही दारापर्यंत पोचलो असू, तोच मागून हाक आली.

"बाई."

इतका वेळ ते मॅडम म्हणत होते. बाई वळल्या. साहेबांनी शिपायाला बाहेर जाऊन दार लोटून घ्यायची खूण केली आणि खुर्चीतल्या खुर्चीत जरा पुढं सरकले.

"एक विचारायचं होतं. ऑफिसचं नाही, घरचं आहे. आमचं आडनाव... तीन पिढ्या विचारतोय, कुणाला सांगता येत नाही. कुठून आलं असेल? वडील म्हणायचे, कुणीतरी सरदार होते."

बाईंनी टेबलावरच्या पाटीवरचं आडनाव वाचलं. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग परत येऊन खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या आणि अंबाड्यातली पेन्सिल काढली.

"खरं सांगू का बरं सांगू?"

साहेबांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग बेल दाबत म्हणाले, "थांबा, आधी चहा सांगतो."